रामनवमी, दुपारी बारा

31 मार्च 2021. एकवीस दिवस बाकी

नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात द्रवरूप ऑक्सिजनची नवी टाकी सुरू झाली. क्षमता 13 किलोलिटर. एक लिटर द्रव ऑक्सिजनचा साधारण 860 लिटर वायू होतो. म्हणजे भरलेल्या टाकीत एक कोटी दहा लाख लिटरहून जास्त श्वास. कोविडची दुसरी लाट चढत होती, सिलिंडरसाठी माणसं रात्र रात्र रांगेत उभी होती. अशा वेळी ही टाकी म्हणजे केवढा आधार!

मी रुग्णालयांत गॅसच्या नळ्या टाकतो. टाकी नवी आहे म्हटलं की लोक निर्धास्त होतात. माझी मात्र झोप उडते. नवी जोडणी म्हणजे अजून काहीच न सोसलेली जोडणी. आत उणे 183 अंशांचा द्रव, बाहेर चैत्राचं ऊन. एवढ्या फरकात तांब्याची एक मीटर नळी तीनेक मिलिमीटरने आखडते. आखडायला जागा ठेवली नसेल तर सगळा ताण जोडावर येतो. रोज थोडा थोडा.

21 एप्रिल, सकाळी नऊ. तीन तास बाकी

त्या दिवशी मी मध्य प्रदेशात, रामपायलीला घरी होतो. एका रुग्णालयात रात्रभर काम करून पहाटे आलो होतो. रामनवमी. आमच्या गावाचं नावच रामाचं, आणि चंदन नदीच्या काठचं राममंदिर म्हणजे गावाचा जीव. एरवी या दिवशी घाटावर पाय ठेवायला जागा नसते. त्या वर्षी सामसूम होती. नाशिकलाही काळाराम मंदिराचे दरवाजे भाविकांसाठी बंद होते.

झाकीर हुसेनमध्ये तेव्हा दीडशेच्या आसपास रुग्ण होते. त्यातले सव्वाशेच्या वर ऑक्सिजनवर, काही व्हेंटिलेटरवर.

सकाळी अकरा. एक तास बाकी

टाकीतून द्रव निघतो, व्हेपोरायझरच्या पंख्यासारख्या पात्यांमधून जाताना हवेच्या उबेने वायू होतो, मग रेग्युलेटर त्याचा दाब चार बारच्या आसपास आणतो. तिथून तांब्याच्या नळ्या, प्रत्येक वॉर्डाचा व्हॉल्व्ह आणि शेवटी खाटेच्या डोक्याशी भिंतीतलं आउटलेट. नातेवाइकाला दिसतो तो फक्त फ्लोमीटरचा बुडबुडणारा पेला.

नळीचा जोड देताना आतून नायट्रोजन सोडावा लागतो. नाही सोडला तर तापलेलं तांबं आतून काळं पडतं आणि ती काजळी पुढे फिल्टरमध्ये, व्हॉल्व्हमध्ये, कधी रुग्णाच्या यंत्रात जाते. शिकाऊ मुलांना मी दोन्ही प्रकारचे जोड उभे चिरून दाखवतो. एक आतून नव्या तांब्याभांड्यासारखा लखलखीत, दुसरा चुलीवरच्या तव्यासारखा. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात.

नंतर तपासण्या. कामाच्या दाबाहून जास्त दाब भरून चोवीस तास काटा हलतो का बघायचं. प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावायचं. आणि एका वेळी एकच वायू सोडून प्रत्येक आउटलेटला तोच येतो का, हे यंत्राने मोजायचं. यात हयगय झाली की काय होतं, ते आमच्याच राज्यात घडलंय. मे 2016 मध्ये इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, मुलांच्या नव्या ऑपरेशन थिएटरमध्ये, ऑक्सिजनच्या नळीतून नायट्रस ऑक्साइड आला. दोन लेकरं गेली. बारा वर्षं होतील, वीस होतील. आउटलेटला मीटर लावताना मला ती दोघं आठवणारच.

दुपारी बारा

रामजन्माची वेळ. आईने घरातच पाळणा सजवला होता. झोका दिला, सुंठवडा हातावर ठेवला.

बारा वाजून गेल्यावर

नाशिकला टाकीलगतच्या जोडणीतून गळती सुरू झाली. पांढरे लोट उठले आणि बघता बघता आवार दिसेनासं झालं. ते व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिले. ऑक्सिजन डोळ्यांना दिसत नाही. दिसलं ते हवेतल्या बाष्पाचं गोठलेलं धुकं. त्यात शिरणं म्हणजे हात भाजल्यासारखे गोठणं, आणि कपड्यांत ऑक्सिजन मुरला की एका ठिणगीत माणूस पेटणं. तरी अग्निशामक दलाचे जवान शिरले. त्या माणसांना माझा नमस्कार.

पुढचा अर्धा तास

महापालिका आयुक्त कैलास जाधव यांनी पुरवठा अर्धा तास विस्कळीत झाल्याचं सांगितलं. अर्धा तास म्हणजे काय, हा हिशेब मी त्या रात्री वहीत मांडला.

28 मिलिमीटरची शंभर मीटर नळी धरली, तर चार बार दाबाला तिच्यात जेमतेम दोनशे लिटर वायू मावतो. एकशे तीस रुग्ण, प्रत्येकाला मिनिटाला दहा लिटर, म्हणजे मिनिटाला तेराशे लिटर. नळीतला साठा दहा सेकंद पुरतो. लाईन चौपट धरा, तरी मिनिट भरत नाही. सात हजार लिटरचा जंबो सिलिंडर साडेपाच मिनिटांत रिकामा. असे डझनभर सिलिंडर मॅनिफोल्डला, म्हणजे त्यांना एकत्र आणणाऱ्या नळीला, आधीच जोडलेले, भरलेले, उघडण्याच्या तयारीत असतील तरच तास निघतो. ऐन वेळी पान्याने एकेक नट आवळायला घेतला, तर माणसाचे हात कापतात.

तिकडे नाशिकला वॉर्डात नातेवाईक सिलिंडर ओढत होते, कुणी आपल्या माणसाची छाती दाबत होतं.

संध्याकाळ

त्या दुपारी 22 रुग्ण गेले. विभागीय आयुक्त राधाकृष्ण गमे यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली, भद्रकाली पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, दुसऱ्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने सरकारकडे उत्तर मागितलं. हे सगळं व्हायलाच हवं होतं. पण मला चौकशीच्या कितीतरी आधीचा एक दिवस छळतो: काम ताब्यात देण्याचा दिवस. त्या दिवशी कागदावर सह्या होतात, नारळ फुटतो, पेढे वाटले जातात. मुख्य व्हॉल्व्ह बंद करून राखीव साठा खरोखर किती सेकंदांत धावून येतो, हे कुणी बघायला सांगत नाही. मीही कित्येकदा न बघता सही केली आहे. घाई होती, साहेब उभे होते, गाडी सुटायची होती.

आई म्हणाली, "जेव रे आता, सकाळपासून फोनच बघतोस." मला घास उतरेना.

दहा दिवसांनी

एका रुग्णालयाचा नवा वॉर्ड ताब्यात द्यायचा होता. कागद तयार होते. मी म्हटलं, आधी मुख्य व्हॉल्व्ह बंद करू, आणि आउटलेट सगळी उघडी ठेवू. सिस्टर फ्लोमीटरपाशी उभ्या राहिल्या, माझा शिकाऊ मुलगा मॅनिफोल्डपाशी. मी व्हॉल्व्ह फिरवला.

काटा चार पूर्णांक एकवरून खाली आला. साडेतीन. तीन. राखीव बाजू धावून यायला हवी होती, आली नाही. तिचा झडपेचा दांडा कुणीतरी आवळून ठेवला होता. अडीच. दोन. भिंतीवरचा अलार्म वाजायला लागला आणि एकेका पेल्यातले बुडबुडे थांबले. मुलगा धावत पान्याकडे गेला. दांडा सैल करून दाब पुन्हा वर यायला त्याला सहा मिनिटं लागली.

सिस्टर काही न बोलता वॉर्डभर बघत होत्या. वीस खाटा, नव्या चादरी, आणि एकाही उशीवर अजून कुणाचं डोकं टेकलं नव्हतं.