वाळवंटातील संयम

उत्खनन म्हटले की आम्हांस सुवर्णमुकुट आठवतो. तो मातीतून अलगद सोडविणारे हात सहसा आठवत नाहीत. इराकच्या दक्षिणेकडील ऊर या सुमेरी नगरीत लिओनार्ड वुली यांनी १९२२ ते १९३४ या काळात बारा हंगाम उत्खनन केले. उन्हाळ्याचा दाह असह्य, म्हणून काम हिवाळ्यात चाले. तरी वारा सुटला की धुळीने डोळे भरत. एकाच्या हाती कुदळ, दुसऱ्याच्या हाती फावडे, मागे पाट्या वाहणाऱ्यांची रांग, आणि सर्वांवर मुकादम हमूदी यांची नजर! वस्तू जपून काढून देणाऱ्यास बक्षीस मिळे. हा शब्द तेथेही जवळजवळ आपलाच.

पहिल्याच हंगामात सोन्याचे मणी दिसले. परंतु मजुरांचे हात अद्याप सरावलेले नाहीत, हे ओळखून वुलींनी ती जागा चार वर्षे तशीच राखली. १९२६ नंतर तेथेच राजघराण्याची दफनभूमी उघडली. लाकूड कुजून उरलेल्या पोकळीत प्लास्टर ओतून एका तंतुवाद्याचा आकार वाचविता आला. घाई झाली असती, तर तो पाटीतून मातीबरोबर गेला असता.

त्या थडग्यांत पांढरी नक्षी उमटविलेले सिंधू संस्कृतीचे लालसर अकीक मणीही मिळाले. साडेचार हजार वर्षांपूर्वी ते एवढ्या दूर पोहोचले होते. घरापासून दूर नांदणाऱ्या आम्हां मराठी कुटुंबांना त्यांविषयी आपुलकी वाटावी, यात नवल नाही. पण त्यांची हकीकत आज सांगता येते, ती कोणा अनामिकाने कुदळ वेळीच थांबविली म्हणून.