भाऊबीजेच्या हाली नोटा

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या चंद्रपूरच्या घरी चौरंगावर कोऱ्या नोटांशेजारी सहा जुन्या नोटा मांडल्या जातात. बाजारात त्या देऊन अर्धा कप चहाही मिळायचा नाही; पण हळदकुंकवाचा पहिला मान त्यांचा. जुन्या नोटा जमवण्याचा छंद मला जडला तो त्यांच्यामुळेच, आणि त्या छंदापायी हातून घडलेला एक अपराधही त्यांच्याच बाबतीतला आहे.

नोट म्हणजे सरकारने दिलेला शब्द. हा शब्द देण्याचा मक्ता हिंदुस्थान सरकारने १८६१ च्या कायद्याने स्वतःकडे घेतला. त्यापूर्वी कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथील बँका नोटा काढीत. सरकारच्या सुरुवातीच्या नोटा चांगल्या लांबरुंद, एकाच बाजूने छापलेल्या, पाठ कोरी. टपालाने पैसे धाडताना व्यापारी नोटेचे दोन तुकडे करीत. अर्धी पोचल्याचे पत्र आले, की उरलेली अर्धी रवाना होई. शिवाय प्रत्येक नोटेचे मंडळ ठरलेले असे आणि त्याबाहेर ती घेण्याचे कोणावर बंधन नसे. दहाची नोट देशभर चालू लागली ती १९१० साली.

आमच्या मुलखात मात्र या शब्दाची सीमा नदीने आखली होती. वर्धेच्या अलीकडे चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर : इंग्रजी अंमल आणि कलदार रुपया. पलीकडे राजुरा : निजामाचे राज्य आणि हाली रुपया. खाली सिरोंच्याकडे हीच सीमा प्राणहितेने आखलेली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली, तेव्हा १९१८ च्या कायद्याने निजाम सरकारने दहाच्या आणि शंभराच्या नोटा काढल्या. लंडनच्या वॉटर्लो कंपनीने त्या छापल्या. पुढे ते काम नाशिकच्या छापखान्यात होऊ लागले. मजकूर उर्दू, पण किंमत मराठी, तेलुगू, कानडी आणि इंग्रजीतही लिहिलेली. दर साधारण सात हाली रुपयांना सहा कलदार. त्यावर सराफाचा बट्टा वेगळाच!

माझ्या आजीचे माहेर राजुऱ्याचे. तिचा भाऊ दर भाऊबीजेला नदी ओलांडून येई आणि ताटात हाली दहाची एक नोट टाकी. अशा सात नोटा आजीच्या डब्यात जमल्या आणि मग भाऊच वारला. पुढे १९४८ मध्ये निजामी राज्य गेले आणि हाली नाणे बंद होणार अशी बोलवा झाली, तेव्हा आजोबा म्हणाले, "अगं, वेळेवर बदलून घे. सातांच्या सहा तरी हाती येतील." आजीने डबा उचलून आत नेला. "माझ्या भावाने सात दिवाळ्या केल्या. त्यांच्या सहा कशा करू?" एवढेच बोलली. १९५९ साली हाली चलनाची अखेर झाली. त्याच वर्षी राजुरा तालुका आमच्या जिल्ह्यात आला. नदीवरची सीमा पुसली गेली आणि आजीच्या सत्तर रुपयांचा कागद झाला.

मी कॉलेजात असताना नागपूरच्या एका संग्राहकाने मला अमेरिकेची जुनी एक डॉलरची नोट दाखवली. १९२३ च्या मालिकेची, वॉशिंग्टनचे चित्र असलेली आणि आकाराने एवढी मोठी, की पाकिटात दुमडल्यावाचून मावायची नाही. १९२९ पासून तिकडच्या नोटा आखूड झाल्या. त्यामुळे या थोरल्या नोटांवर संग्राहकांचा जीव. बदल्यात त्याला हाली दहाची नोट हवी होती. आजीला न विचारता मी डब्यातली एक काढून दिली. सातातली एक गेली तर काय बिघडले, असे मला वाटले.

त्या भाऊबीजेला आजीने डबा उघडला. एकदा मोजल्या, पुन्हा मोजल्या. मी मान खाली घालून सगळे सांगितले. ती रागावली असती तर बरे झाले असते. नोटा नीट चवडीत लावीत ती म्हणाली, "शेवटी सराफाचाच हिशेब खरा झाला म्हणायचा."

मी नागपूरला दोनदा गेलो. नोट केव्हाच पुढे गेली होती.

तो डॉलर अजून माझ्या कपाटात आहे. अमेरिकेच्या सरकारने १८६१ पासून काढलेल्या नोटा आजही लिहिलेल्या किमतीला चालतात. म्हणजे शंभर वर्षांचा तो कागद आजही खराखुरा पैसा आहे आणि संग्राहक त्याला त्याहून कितीतरी अधिक देतील. तरी लक्ष्मीपूजनाला मी तो कपाटातून बाहेर काढीत नाही. चौरंगावर सहा नोटा मांडतो आणि सातवीपुरती जागा मोकळी ठेवतो.