‘शॉक’ शब्दाचे अर्थांतर आणि मधुमेह्याचा बधिर पाय

कर्जत व खालापूर हे रायगड जिल्ह्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. घाटमाथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खाली उतरवून टाटांनी १९१५ मध्ये खालापूर तालुक्यातील खोपोली येथे वीजनिर्मिती सुरू केली. कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे केंद्र १९२२ मध्ये चालू झाले. ही वीज प्रामुख्याने मुंबईच्या गिरण्यांसाठी होती. पुढे ती घरोघर पोहोचली, आणि तिच्या धक्क्याचे इंग्रजी नाव मराठीत घरचे झाले. ‘शॉक बसणे’ म्हणजे विजेचा धक्का बसणे, हा अर्थ आज लहान मुलासही ठाऊक असतो. १९३८ मध्ये सेर्लेत्ती व बिनी यांनी रोम येथे मनोविकारांवर विद्युत्-उपचार प्रथम योजला. त्यालाही मराठीत ‘शॉक देणे’ असेच म्हणू लागले. वीज आणि भय या दोन्ही छटा शब्दाला अशा रीतीने चिकटल्या.

‘शॉक वेव्ह’ या संज्ञेतील ‘शॉक’ मात्र निराळा आहे. अर्न्स्ट माख व पेटर साल्चर यांनी १८८७ मध्ये धावत्या गोळीपुढील हवेच्या अशा तरंगाची छायाचित्रे प्रसिद्ध केली. हा तरंग म्हणजे दाबाची एकाएकी झालेली वाढ होय. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्यूनिक येथे ख्रिस्तियान शॉसी यांनी त्याच्या साह्याने रुग्णाचा मूतखडा शस्त्रक्रियेवाचून फोडला. काही यंत्रांत पाण्यात विजेची ठिणगी पाडून हा तरंग उत्पन्न करतात; तथापि शरीरात शिरतो तो दाब, वीज नव्हे.

अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेने डिसेंबर २०१७ मध्ये मधुमेह्याच्या पायावरील जखमेसाठी अशा एका यंत्रास अनुमती दिली. परंतु जखम भरणे निराळे आणि मधुमेहाने निकामी झालेली संवेदना परत येणे निराळे. दुसऱ्या कामी हा उपचार अद्याप प्रस्थापित झालेला नाही. रक्तातील साखरेचे नियमन आणि पायाची निगा, हाच आजही मुख्य मार्ग आहे.

या दोन गोष्टींची गल्लत होण्यास शब्दही कारण होतात. चरकसंहितेच्या निदानस्थानात प्रमेहाच्या पूर्वरूपांमध्ये हातापायांची सुप्तता आणि दाह ही दोन्ही लक्षणे सांगितली आहेत. अर्थात, पाय जळतो आणि बधिरही होतो, हे निरीक्षण प्राचीन आहे. परंतु ज्या अवयवात हा बिघाड होतो, त्याच्या नावाविषयी आपल्या भाषांत एकवाक्यता नाही. सुश्रुताने नऊशे मानलेले ‘स्नायू’ म्हणजे सांध्यांना व मांसाला बांधून ठेवणारे बंध. तोच शब्द बंगालीत संवेदना वाहणाऱ्या तंतूंसाठी वापरतात, मराठीत मांसपेशींसाठी. मराठी वैद्यकीय लेखनातील ‘मज्जातंतू’ आणि पाठ्यपुस्तकांतील ‘चेतातंतू’ बोलीत फारसे उतरले नाहीत. बोलीतील ‘नस’ रक्तवाहिनीलाही लागू पडते. ‘नसेला शॉक देणार’ या वाक्यातून म्हणूनच रक्तवाहिनीत वीज सोडणार, असा अर्थ सहज निघतो.

भाताच्या आवणीला अनवाणी चिखलात उतरणाऱ्या मनुष्याच्या दृष्टीने हा केवळ शब्दच्छल नव्हे. बधिर पायाला काटा कळत नाही. शेकाच्या गरम पाण्याने पोळले तरी कळत नाही. वेदना नाही म्हणून जखम उपेक्षिली जाते, चिघळते, आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. अशा रुग्णाने ‘शॉक’ शब्दाला भिऊन जखमेचा उपचार नाकारला तर हानी होते. उलट, शॉकने मेलेली नस जिवंत होते असे मानून पायाची रोजची तपासणी सोडली तरीही हानी होते.

‘आघाततरंग’ हा पर्याय संस्कृतदृष्ट्या निर्दोष होय. पण ‘पक्षाघात’ शब्दाच्या सान्निध्याने तोही भीती निर्माण करील. ‘दाबाच्या लहरी’ हे साधे शब्द त्याहून बरे. त्यांत वीज नाही, चमत्काराचे आश्वासनही नाही. ज्या मुलखात विजेने ‘शॉक’ शब्दाला अर्थ दिला, तेथे उपचाराचे नाव विजेपासून वेगळे ठेवणे अगत्याचे आहे.