उजनीच्या माशाला दाखला कशाचा?

उजनी जलाशयाकाठच्या भिगवणच्या लिलावात चिलापीच्या क्रेटवर काहीही लिहिलेले नसते. घेणारा एक मासा उचलतो, कल्ला उघडून आतला लाल रंग पाहतो, पाठीवर अंगठा दाबतो आणि बोली लावतो. दाबलेले मांस लगेच वर आले तर मासा ताजा, खळगा राहिला तर शिळा. पुण्याच्या बाजारापर्यंत एवढा दाखला पुरतो. दुबईच्या किंवा रॉटरडॅमच्या गिऱ्हाइकापुढे मात्र कल्ला नसतो, सोललेला आणि गोठवलेला तुकडा असतो. अंगठ्याचे काम तिथे कागदाला करावे लागते.

सोलापूरकरांना हा कागद अनोळखी नाही. चादर, डाळिंब, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी यांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे. युरोपला जाणाऱ्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांची नोंदणी आणि औषध-अंशाची तपासणी हा इथल्या बागायतदाराच्या रोजच्या बोलण्यातला विषय आहे. मग उजनीच्या माशालाच काय झाले, हा प्रश्न रास्त ठरतो. उत्तर शोधताना मात्र आधी एक गुंता सोडवावा लागतो. ‘प्रमाणपत्र’ या एकाच शब्दाखाली तीन वेगळे दाखले नांदतात. एक मांसाबद्दल बोलतो: हे खाऊन अपाय होणार नाही. दुसरा पाण्यात उरलेल्या माशांबद्दल बोलतो: हा पकडल्याने याचे कूळ बुडणार नाही. तिसरा ठिकाणाबद्दल बोलतो: हा तिथलाच. पहिला सरकारी आणि सक्तीचा, दुसरा खासगी आणि ऐच्छिक, तिसरा कायद्याने मिळणारा नावाचा हक्क. एकाने दुसऱ्याचे काम भागत नाही. उजनीच्या बाबतीत तिन्ही दाखले शेवटी माशापाशी न थांबता पाण्यावर येऊन ठेपतात, आणि ते पाणी मासेमाराच्या हातातले नाही, असे माझे म्हणणे आहे.

पहिला दाखला सर्वांत कडक. १९६३ च्या निर्यात गुणवत्ता नियंत्रण व तपासणी कायद्याखाली निर्यात निरीक्षण परिषद प्रक्रिया कारखान्यांना मान्यता देते आणि मालासोबत आरोग्य प्रमाणपत्र जाते. १९७२ च्या कायद्याने स्थापन झालेले, कोचीचे सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरण निर्यातदारांची नोंदणी आणि बाजारपेठ पाहते. नावात ‘सागरी’ असले तरी गोड्या पाण्यातला मासाही त्याच दारातून बाहेर जातो. ऑगस्ट १९९७ मध्ये युरोपीय संघाने भारतीय मासळीवर बंदी घातली. तेव्हा मुख्य तक्रार कारखान्यांच्या स्वच्छतेची होती. पुढे रोख बदलला आणि क्लोरॅम्फेनिकॉल, नायट्रोफ्युरान यांसारख्या प्रतिजैविकांचे अंश शोधले जाऊ लागले. या कसोटीवर उजनीचा मासा उजवा आहे. जलाशयात मोकळ्या वाढणाऱ्या चिलापीला कोणी औषध पाजत नाही. कोळंबीच्या तलावाला हे सांगता येत नाही.

अडचण दुसऱ्या बाजूने येते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी यांतून भीमेला मिळते आणि भीमा उजनीत येऊन थांबते. थांबते हा शब्द इथे शब्दशः घ्यायचा. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. त्यांतले ६३ टीएमसीहून अधिक पाणी मृत साठ्याचे, म्हणजे निम्म्याहून जास्त. गाळ, सेंद्रिय घाण आणि तिच्याबरोबर आलेले धातू तळाशी बसतात ते इथेच. उन्हाळ्यात उजनी ‘मायनस’मध्ये, म्हणजे या मृत साठ्यात, उतरते; २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे ६० टक्क्यांच्या आसपास पोचली होती. पाणी आटते तसे त्यातले विरघळलेले सारे दाटत जाते आणि मासे उरलेल्या डोहांत गोळा होतात. मासेमाराला ते सुगीचे दिवस वाटतात. प्रयोगशाळेच्या दृष्टीने तेच सर्वांत वाईट दिवस.

म्हणून मासा विषारी आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. धातू माशाच्या शरीरात सगळीकडे सारखे साठत नाहीत. शिसे आणि कॅडमियम प्रामुख्याने यकृत, मूत्रपिंड, कल्ले आणि हाडांत जाते, मांसात कमी उतरते. पारा मात्र मिथाइल पाऱ्याच्या रूपात मांसातच मुरतो आणि अन्नसाखळीत वर चढताना वाढत जातो. शेवाळ आणि तळाचा गाळ चिवडणारी चिलापी या साखळीत खालच्या पायरीवर असते. मरळ आणि शिंगाळा लहान मासे खाऊन वरच्या पायरीवर बसतात. बाजारात मरळीला चिलापीपेक्षा मान जास्त, पण पाऱ्याच्या हिशेबात हा क्रम उलटा लागतो. युरोपची माशाच्या मांसासाठी सर्वसाधारण मर्यादा किलोमागे शिशाची ०.३ आणि कॅडमियमची ०.०५ मिलिग्रॅम आहे. आतडी काढून, कातडी सोलून केलेला चिलापीचा तुकडा या मर्यादेत बसणे अशक्य नाही. पण ‘अशक्य नाही’ हे वाक्य कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिता येत नाही. तिथे आकडा लागतो, तोही वर्षभराचा, जलाशयाच्या वेगवेगळ्या टोकांचा.

शिवाय एक दोष असा, की तो कोणत्याही विषाच्या यादीत नाही आणि तरी माल परत पाठवतो. निळ्या-हिरव्या शेवाळातून जिओस्मिन नावाचे द्रव्य सुटते. पहिल्या पावसाच्या मातीला जो वास येतो तोच हा. मातीला आला तर कविता होते, माशाला आला तर ‘मातकट’ म्हणून गिऱ्हाईक तोंड फिरवते. तो चरबीत शिरतो आणि शिजवून जात नाही. स्वच्छ वाहत्या पाण्यात काही दिवस उपाशी ठेवले तर निघतो, पण लिलावात मेलेल्या अवस्थेत येणाऱ्या माशावर हा उपाय चालत नाही.

द्राक्षांशी तुलना केली की खरी गोम कळते. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढरोधकाचे अंश सापडल्याने महाराष्ट्राच्या द्राक्षांना युरोपात मोठा फटका बसला. तो धडा पचवता आला, कारण प्रत्येक बागेला नोंदणी क्रमांक होता, फवारणीची वही होती आणि चूक कोणाच्या प्लॉटमध्ये झाली ते शोधता येत होते. उजनीत प्लॉट नाही. करमाळ्याच्या काठी जाळे टाकणारा आणि इंदापूरच्या काठी टाकणारा एकाच पाण्यातून मासा काढतात, आणि त्या पाण्यात काय मिसळले याची जबाबदारी दोघांचीही नाही. जिथून ते मिसळले त्या शहराचे नाव दाखल्यावर कुठेच येत नाही.

आता लेबल. युरोपच्या २०१३ च्या १३७९ क्रमांकाच्या नियमानुसार ताज्या वा गोठवलेल्या माशावर बाजारातले नाव, शास्त्रीय नाव, नैसर्गिक पाण्यातला की पाळलेला, आणि कोणत्या साधनाने पकडला हे लिहावे लागते. गोड्या पाण्यातला असेल तर देशाबरोबर त्या नदीचे वा जलाशयाचेही नाव लिहावे लागते. म्हणजे उजनीचे नाव पाकिटावर छापायला मानांकनाची वाट पाहायला नको. नियमच ते छापायला लावतो. उलट बेकायदा मासेमारी रोखण्यासाठी २०१० पासून लागू झालेले पकड-प्रमाणपत्र समुद्री माशाला लागते, गोड्या पाण्यातल्या माशाला त्यातून सूट आहे.

शास्त्रीय नावाच्या रकान्यात एक गंमत दडलेली आहे. कर्नल विल्यम हेन्री साइक्स या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले. नावे देताना त्याने लॅटिनशी झटापट करण्याऐवजी इथल्या मासेमारांच्या तोंडचे शब्दच उचलले. शिंगाळ्याचे शास्त्रीय नाव स्पेराटा सिंघाला, दख्खनी महासीरचे टॉर खुद्री, आणि कोळस माशाच्या नावात आजही ‘कोलस’ आहे. भीमा खोऱ्यातली मराठी जगभरच्या मत्स्यकोशांत अशी पावणेदोनशेहून अधिक वर्षे बसून आहे. पण याच शिंगाळ्यासमोर अमेरिकेचे दार अडते. कॅटफिशच्या गणातले सर्व मासे तिथे कृषी खात्याच्या मांस-तपासणीखाली येतात आणि पाठवणाऱ्या देशाची तपासणी व्यवस्था समतुल्य असावी लागते. २०१९ मध्ये ती मान्यता चीन, थायलंड आणि व्हिएतनामला मिळाली. भारत त्यांत नव्हता.

दुसऱ्या दाखल्याबद्दल फार लांबण लावण्यासारखे नाही. मरीन स्टुअर्डशिप कौन्सिलची निळी खूण गोड्या पाण्यालाही मिळते. स्वीडनच्या येल्मारेन सरोवरातल्या झँडर माशाला ती २००६ मध्ये मिळाली. भारतात पहिली खूण २०१४ मध्ये केरळच्या अष्टमुडी सरोवरातल्या शिंपल्यांनी मिळवली. तिथे पकडीचे मोजमाप होते, बंदीचा काळ पाळला जात होता आणि किती काढायचे याचा निर्णय घेणारी समिती होती. उजनीत ‘वडाप’ पद्धतीच्या मासेमारीने आणि बारीक जाळ्यांनी बोटभर पिल्लेही उचलली जातात, ती वाळवून खाद्यासाठी विकली जातात. काठावरचे परवानाधारक मासेमारच याविरुद्ध ओरडत आले आहेत. पकडीची विश्वासार्ह नोंद नसताना टिकाऊपणाचा दाखला मागणे म्हणजे खातेवही न ठेवता कर्ज मागणे.

तिसऱ्या दाखल्यापाशी चिलापी स्वतःच आडवी येते. मोझांबिक चिलापी भारतात आली १९५२ मध्ये. तिचे अतोनात प्रजनन पाहून १९५९ मध्येच तिच्या प्रसारावर बंदी घालावी लागली. माशाने बंदी वाचली नाही. कटला आणि रोहू देशीच, पण गंगेचे. उजनीत ते बीज सोडून वाढवले जातात. इथले म्हणावे असे वांब, शिंगाळा, मरळ, खवले यांची आवक निर्यातीला पुरण्याजोगी नाही, आणि आता सकरमाउथ कॅटफिशही जाळ्यात अडकू लागला आहे. तरीही परकी जात असणे ही मानांकनाला अडचण नाही. चेकियातल्या त्रेबोनच्या कार्पला २००७ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले ते तळ्यांच्या जुन्या पद्धतीमुळे, कार्प हा काही फक्त तिथलाच मासा नव्हे. मानांकनाला जागा आणि गुण यांचा संबंध दाखवावा लागतो. उजनीच्या चिलापीच्या चवीवर पाण्याचा परिणाम निश्चित दाखवता येईल, फक्त तो कोणाला दाखवावासा वाटणार नाही. हद्दीचा वादही आहेच: भिंत माढा तालुक्यात, फुगवट्याचे मोठे पाणी आणि बाजार पुणे जिल्ह्यात, शेपूट कर्जतकडे. आणि नाव मिळाले म्हणून नक्कल थांबत नाही, चादरीवाल्यांना विचारा.

विकत घेणार कोण, हेही पाहिले पाहिजे. २०२२-२३ मध्ये भारताने १७ लाख ३५ हजार टन मासळी निर्यात केली, ६३,९६९ कोटी रुपयांची. मूल्याचा दोन तृतीयांश वाटा एकट्या गोठवलेल्या कोळंबीचा. परदेशात रोहू-कटला खाणारे गिऱ्हाईक मुख्यतः बंगाली आहे, आणि त्याच्या दुकानात बांगलादेश व म्यानमारचा गोठवलेला मासा आधीच बसला आहे. परदेशातल्या मराठी घराला पापलेट आणि सुरमई हवी असते. गोऱ्या गिऱ्हाइकाला चिलापीचा एकसारख्या मापाचा जाड तुकडा लागतो, आणि गर्दीत खुरटलेल्या उजनीच्या चिलापीतून तो क्वचितच निघतो.

म्हणून जिल्ह्यातल्या पहिल्या निर्यातक्षम माशाला मी जलाशयात शोधणार नाही, शेततळ्यात शोधेन. अस्तर घातलेले शेततळे म्हणजे पाण्याचा प्लॉट. त्याला गट क्रमांक आहे, मालक आहे, आणि तो मालक बहुधा डाळिंबाची फवारणी-वही ठेवणारा आहे. सुधारित चिलापी परवान्याने पाळता येते, माप सारखे ठेवता येते, काढण्याआधी उपाशी ठेवून वास घालवता येतो. तिथे धोका उलट दिशेचा: मासा आजारी पडला की दुकानदार सांगेल ते औषध टाकायचा मोह, आणि बागेतले कीटकनाशक वाहून तळ्यात उतरणे. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने २०२१ मध्ये कोळंबी-शेतीसाठी आणलेली ‘शफरी’ ही प्रतिजैविकमुक्तीची योजना याच मोहासाठी आहे. तशी माशांसाठी हवी.

उजनीच्या माशासाठी आधी देशी दाखला पुरे. होडीतच बर्फ, क्रेटवर तारीख, काठाचे नाव आणि परवाना क्रमांक, आणि दर महिन्याला मांसाची तपासणी, तिचे आकडे भिगवण, इंदापूर आणि सोलापूरच्या बाजारात फळ्यावर. नमुने घ्यायचे ते मात्र धरण भरलेले असताना, ऑक्टोबरात, फोटो चांगला येतो म्हणून नकोत. ते मे महिन्यात घ्यावेत, पळसदेवचे जुने मंदिर पाण्याबाहेर आले की.