जुन्या मोटारीची बखर

गेल्या उन्हाळ्यात यावलच्या एका जुन्या घरून मला बोलावणे आले. घरचे गृहस्थ पेशाने शिक्षक. त्यांचे आजोबा डॉक्टर होते. मागच्या अंगणात गोठा होता, पण त्यात आता गुरे नव्हती. एका कोपऱ्यात केळीच्या मळ्यातल्या ठिबकाच्या नळ्यांची वेटोळी पडली होती, आणि त्यांच्यामागे ताडपत्रीखाली एक मोटार उभी होती. ताडपत्री ओढली तशी मागच्या बैठकीवरून एक कोंबडी फडफडत बाहेर पडली.

"आजोबांनी ही १९५० साली घेतली, असे घरात सांगतात," शिक्षक म्हणाले. "भंगारवाला वजनावर मागतो आहे. आता तुम्हीच सांगा भाऊ, ठेवू की देऊन टाकू?"

प्रश्न साधा होता. उत्तर साधे नव्हते. वस्तू काय आहे हे कळल्यावाचून ती ठेवावी की मोडावी हे कसे ठरवणार? आणि वस्तू कळायची तर ती आपल्या भागात कशी आली, कोणी वापरली आणि इतकी वर्षे कशी टिकली हेही कळले पाहिजे. तेव्हा थोडे मागे जाऊ या.

सातपुड्याच्या पायथ्याचे यावल एके काळी निळीसाठी आणि हातकागदासाठी नावाजलेले होते. १८६० नंतरच्या दशकात आगगाडी खानदेशात आली, पण ती तापीच्या दक्षिणेला भुसावळास. यावलकराला गाडी धरायची म्हणजे आधी तापी ओलांडणे आले. माल जायचा बैलगाडीने, माणसे दमणीने नाहीतर टांग्याने. शेजारच्या सावदा, निंभोरा, रावेर या स्टेशनांचे भाग्य यावलच्या वाट्याला आले नाही. म्हणून मोटारीचे महत्त्व रेल्वेच्या गावापेक्षा अशा आडबाजूच्या गावाला जास्त. रेल्वेच्या गावी मोटार ही हौस होती. यावलसारख्या गावी ती निकड होती.

मुंबईत पहिल्या मोटारी दिसल्या त्या १८९८ च्या सुमारास. पुढची तीस वर्षे मोटार म्हणजे संस्थानिक, मोठे व्यापारी आणि साहेबलोक यांची मिरवण्याची वस्तू होती. ती स्वस्त केली अमेरिकेतल्या फोर्डने. त्याची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींवर निघाली. विलायतेहून ऑस्टिन आणि मॉरिस या लहान गाड्या येऊ लागल्या. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला सुट्या भागांतून मोटारी जोडण्याचा कारखाना घातला, आणि थोड्याच वर्षांत फोर्डनेही तेच केले. मोटार पेट्यांत भरून बोटीने यायची आणि मुंबईत उभी राहायची. तिथून मुंबई-आग्रा रस्त्याने ती धुळ्याला यायची. पुढचा रस्ता उन्हाळ्यात धुळीचा, पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलाचा. ज्यांनी खानदेशची काळी माती पावसात पाहिली आहे, त्यांना अधिक सांगायला नको. चाक एकदा रुतले की शेवटी बैलच आणावे लागत.

मौजेची गोष्ट अशी, की याच यावल तालुक्यातल्या फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्ष जवाहरलाल नेहरू यांची मिरवणूक निघाली ती मोटारीतून नव्हे, तर बैल जोडलेल्या रथातून. अधिवेशनाच्या सजावटीची कल्पना शांतिनिकेतनच्या नंदलाल बोस यांची होती. देशात मोटारी होत्या. पण खेड्याची ओळख बैलाची होती, आणि ती मुद्दाम दाखवायची होती. त्या काळी मोटार गावात आली होती. गावची मात्र झाली नव्हती.

ती गावची झाली स्वातंत्र्यानंतर. १९४२ साली हिंदुस्तान मोटर्स निघाली. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभारला. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर सरकारी एस.टी.ची पहिली गाडी सुटली. १९५३ च्या सुमारास सरकारने धोरण ठरवले, की नुसत्या जोडणीचे कारखाने नकोत; ज्याला मोटार विकायची त्याने हळूहळू ती इथेच बनवली पाहिजे. जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी गाशा गुंडाळला. राहिल्या त्या कंपन्यांनी युरोपातले नमुने घेऊन इथे गाड्या घडवायला आरंभ केला. इटलीची फियाट ११०० कुर्ल्यात १९५४ पासून होऊ लागली. इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड बंगालमध्ये उत्तरपाड्याला आधी लँडमास्टर आणि मग १९५७ पासून अँबॅसडर झाली. मद्रासला स्टँडर्ड, आणि १९५४ पासून जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक. म्हणजे पाहा, इटली, इंग्लंड आणि जर्मनी या तीन देशांचे यंत्रशास्त्र एका पिढीत खानदेशच्या रस्त्यावर धावू लागले, आणि ते दुरुस्त करणारा आपला मिस्त्री इंग्रजीही शिकलेला नव्हता.

परदेशी गाडीला आयातबंदी, आणि देशी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबायचे. त्यामुळे हाती असलेली मोटार मरू द्यायची नाही हा इथला धर्मच झाला. युरोपात जुनी मोटार हौसेने टिकली. आपल्याकडे ती गरजेने टिकली. हा फरक लक्षात ठेवावा, कारण गाडी पाहताना तो पदोपदी आडवा येतो.

आता मोटारीची ओळख कशी पटवायची ते पाहू. धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळ आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच वारले, आणि पुढच्याच वर्षी हे मंडळ स्थापन झाले. माळ्यावरची दप्तरे शोधत ते गावोगाव हिंडले. कागद हाती आला की तो कोणाचा, कधीचा आणि अस्सल की नक्कल, हे प्रश्न आधी सोडवायचे, ही त्या अभ्यासाची शिस्त. घरचे लोक काय सांगतात ते ऐकून घ्यावे. पण निकाल कागदावरून द्यावा. जुन्या मोटारीलाही हीच रीत लागू पडते.

गोठ्यातली गाडी गोल पाठीची, पुढची दारे उलट्या बिजागरीची, म्हणजे मागून पुढे नव्हे तर पुढून मागे उघडणारी. गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईकर जिला प्रेमाने 'डुक्कर फियाट' म्हणतात तीच ही. ही गाडी कुर्ल्यात १९५४ पूर्वी झालीच नाही. मग १९५० सालची हकिगत तिथेच संपली. नंबराच्या पाटीवर पहिले अक्षर 'बी'. १९३९ च्या मोटार कायद्यानंतर मुंबई इलाख्याच्या गाड्यांना ही अक्षरे मिळत. महाराष्ट्र झाल्यावर 'एम'ची अक्षरे आली, आणि जळगावची एम.एच. १९, धुळ्याची एम.एच. १८ ही पद्धत १९८९ पासूनची. म्हणजे गाडी १९५४ नंतरची आणि १९६० पूर्वीची.

अशी तपासणी विकत घेणाऱ्यानेही करावी. इंजिनावर आणि सांगाड्यावर ठोकलेले आकडे नोंदणीपुस्तकाशी जुळतात का ते आधी पाहावे. न जुळले तर भाव बोलूच नये. खिशात एक लहान लोहचुंबक ठेवावा. पत्र्यावर तो जिथे चिकटत नाही तिथे आत लांबी भरलेली आहे असे समजावे. रंगाला भुलू नये. गाडीखाली आडवे होऊन सांगाड्याचा गंज पाहावा. इंजिन चालू झाले तर धुराकडे पाहावे: निळा धूर तेल जळते सांगतो, काळा धूर पेट्रोल जास्त जाते सांगतो, आणि पांढरा धूर हटता हटत नसेल तर पाणी आत शिरते आहे. आणखी एक गोष्ट. १९५८ ची म्हणून दाखवलेल्या अँबॅसडरला बारीक चौकड्यांची जाळी असेल, तर ती मार्क टूची, म्हणजे १९६० नंतरची आहे. तेवढ्यावरून विकणाऱ्याला खोटा ठरवू नये. गाडी गरजेने टिकली ती अशीच. एकीचे दार दुसरीला, ट्रकचा नट मोटारीला. आपल्याकडे अस्सल गाडी म्हणजे जिच्यातले सगळे बदल समजले आहेत ती गाडी.

निगा राखण्याचे काम मात्र पुस्तकातून येत नाही. त्या दिवशी मी बरोबर एका म्हाताऱ्या मिस्त्रींना नेले होते. त्यांनी टोपण उघडले नाही की पाना काढला नाही. आधी हँडल घालून इंजिन हाताने हळूच फिरवून पाहिले. ते फिरले. "जाम नाही झालं, भो," ते म्हणाले. "आता घाई नको. आधी तेल सोडा आत, दोन दिवस मुरू द्या." वर्षानुवर्षे थांबलेले इंजिन एकदम चालू करणे म्हणजे कोरड्या पिस्टनने सिलिंडर खरवडून घेणे. जुने पेट्रोल टाकीत राळेसारखे चिकटते. टाकी धुवावी, कार्बोरेटर उघडून साफ करावा, पॉइंट घासून त्यांतले अंतर बसवावे, ब्रेकची रबरे न विचारता बदलावीत.

आजच्या काळाने दोन नव्या अडचणी आणल्या आहेत. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. जुन्या इंजिनांत शिसे झडपांच्या बैठकींना वंगणासारखे उपयोगी पडे. ते गेल्यावर त्या बैठका कठीण धातूच्या बसवून घेणे बरे. आणि आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या खाते, शिवाय पाणी ओढून घेते. नळ्या नव्या जातीच्या घालाव्यात आणि गाडी महिनोन् महिने भरल्या टाकीने उभी ठेवू नये. सुटे भाग मुंबईच्या चोरबाजारात धुंडाळावे लागतात. ते न मिळाले तर लेथवर घडवून घ्यावे लागतात. ते घडवणारे हात झपाट्याने कमी होत आहेत. मोटार गेली तर एक मोटार गेली. पण मिस्त्री गेला की पुढच्या दहा मोटारी गेल्या.

युरोपात या प्रश्नाकडे सरकारांनी लवकर लक्ष दिले. जर्मनीत १९९७ पासून तीस वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर आणि करात सवलत मिळते. ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांवरच्या गाडीला वाहनकराची माफी आहे. लंडन ते ब्रायटन अशी जुन्या मोटारींची यात्रा दर नोव्हेंबरात निघते, आणि तीत १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच जागा असते. आपल्याकडे दिल्लीत 'स्टेट्समन' वृत्तपत्राने १९६४ पासून जुन्या मोटारींच्या फेऱ्या सुरू केल्या. पण कायद्यात अशा गाडीला निराळे नाव मिळायला २०२१ साल उजाडले. त्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरची, मोठा फेरबदल न झालेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून दहा वर्षांसाठी नोंदवता येते. नव्या नोंदणीला वीस हजार, पुढच्या फेरनोंदणीला पाच हजार रुपये फी आहे. आधी नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. प्रदर्शन, फेरी, संशोधन, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरती ती रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला नाही. खेड्यातल्या माणसाला वीस हजार ही लहान रक्कम नव्हे. तथापि भंगाराशिवाय दुसरा मार्ग आता आहे, एवढे तरी झाले.

आता गोठ्याकडे परत जाऊ. निघता निघता मिस्त्रींनी पुढच्या फळीचा कप्पा उघडला. आत उंदराच्या लेंड्या, एक गंजलेला स्पार्क प्लग आणि कापडी पाठीची एक वही. डॉक्टरांच्या हाताची. दिवस आणि महिना लिहिलेला, साल कुठेच नाही. पुढे गाव, रोग्याचा आजार, पेट्रोल किती आणि पैसे किती मिळाले, एवढेच. कितीतरी ओळींत पैशांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. कुठे 'बाळंतीण, रात्री', कुठे 'सर्पदंश, उशीर झाला', कुठे 'नाला भरला, परत'. पहिल्या पानांवर पेट्रोल गॅलनमध्ये आणि हिशेब रुपये-आण्यांत. मध्येच एके ठिकाणी आणे जाऊन नवे पैसे आले. नवे पैसे सुरू झाले १ एप्रिल १९५७ ला. लोकांच्या हातात आणे त्यानंतरही काही काळ होते. पण नवे पैसे त्या दिवसापूर्वी कोणी लिहिणे शक्य नव्हते. वहीच्या शेवटाला गॅलनही गेले आणि लिटर आले. साल न लिहिताही वहीने आपले साल सांगितले.

शिक्षक ती वही हातात धरून बराच वेळ उभे होते. मग त्यांनी विचारले, "ही आडवी रेघ म्हणजे?"

"फी घेतली नाही," मिस्त्री म्हणाले.

गाडी ठेवायची की नाही, हे मी त्यांना सांगितले नाही. खर्च त्यांचा, घर त्यांचे. मी इतकेच म्हटले, की गाडी गेली तरी वही जाऊ देऊ नका. आणि गाडी ठेवलीत तर वही तिच्यातच ठेवू नका, कपाटात ठेवा. रात्री-अपरात्री सातपुड्याच्या पायथ्याच्या वाड्यावस्त्यांवर डॉक्टर कसा पोचला, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. ती या पत्र्यात आणि या कागदात आहे. आपापल्या गोठ्यात, माळ्यावर, जिनिंगच्या आवारात अशी एखादी ताडपत्री अजून असेल. भंगारवाल्याचा काटा येण्याआधी ती एकदा उचलून पाहावी, आणि कप्पा उघडायला विसरू नये.

पावसाळा लागल्यावर शिक्षकांचा निरोप आला. गोठ्याचे पत्रे नवे घातले होते, आणि कोंबडीची सोय दुसरीकडे केली होती.