सुमितोमोचे तांबे: 1590 की 1691?

जपानच्या सुमितोमो घराण्याच्या दप्तरातला सर्वांत मानाचा कागद तांब्याविषयी काहीच बोलत नाही. क्योतोत पुस्तके आणि औषधे विकणाऱ्या सुमितोमो मासातोमोने (1585–1652) उतारवयात लिहिलेले हे पत्र. एखादी वस्तू बाजारभावाहून स्वस्त मिळत असेल आणि ती कुठून आली हे कळत नसेल, तर ती चोरीची समजावी. कुणालाही एक रात्रसुद्धा आसरा देऊ नये. उधारीचा धंदा करू नये, असा त्यातला मजकूर. लिहिणारा सावध दुकानदार होता हे त्यातून नक्की कळते. मात्र पुढे धातूंच्या उद्योगात जगभर पसरलेल्या कंपनीचा उगम इथे सापडत नाही.

तांबे आले मेहुण्यांकडून. मासातोमोच्या थोरल्या बहिणीचे यजमान सोगा रिएमोन (1572–1636) यांनी 1590 मध्ये क्योतोत ‘इझुमिया’ नावाने तांबे गाळण्याचा कारखाना काढला, असे कंपनीचा इतिहास सांगतो. म्हणजे तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. अशक्य नाही, पण अशा जागी अभ्यासकाने जरा थांबावे.

तांब्यातून चांदी वेगळी काढण्याची युक्ती रिएमोननी एका परदेशी माणसाकडून ऐकली आणि मग स्वतः प्रयोग करून ‘नानबान-बुकी’ ही पद्धत बसवली, अशी परंपरा आहे. युक्ती मोठी देखणी आहे. चांदीमिश्रित अशुद्ध तांब्यात शिसे मिसळून ते वितळवायचे. गार झालेला गोळा पुन्हा बेताने तापवायचा. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, तांबे 1085 ला. त्यामुळे शिसे आधी पाझरते आणि चांदीला बरोबर घेऊन जाते. मागे उरते ते तांबे. पुढे शिसे जाळून चांदी वेगळी करायची. हीच कृती जर्मन अभ्यासक आग्रिकोलाच्या धातुविद्येवरील 1556 च्या लॅटिन ग्रंथात सविस्तर दिलेली आहे. तेव्हा तिचे मूळ युरोपीय असणे संभवते. पण ती कुणी आणली, कोणत्या साली आणली, हे आग्रिकोला कसा सांगणार?

परंपरा त्या परदेशी माणसाचे नाव ‘हाकुसुई’ देते. इथे संशय बळावतो. ‘इझुमि’ हे चित्राक्षर लिहिताना वर ‘पांढरे’ आणि खाली ‘पाणी’ अशी दोन अक्षरे येतात. ती सुटी वाचली की ‘हाकुसुई’ होते. माणसावरून दुकानाचे नाव पडले की दुकानावरून माणूस घडला? माझा कल दुसऱ्या शक्यतेकडे आहे, पण तो कलच, पुरावा नव्हे.

पायाखाली घट्ट जमीन लागते ती ओसाकात. रिएमोनचे चिरंजीव तोमोमोची मासातोमोचे घरजावई झाले आणि धंदा ओसाकाला गेला. 1636 मध्ये नागाहोरी कालव्याकाठी सुरू झालेला त्यांचा कारखाना 1876 पर्यंत चालला. विसाव्या शतकाच्या अखेरीस त्या जागी उत्खनन झाले, तेव्हा भट्ट्यांचे अवशेषच हाती आले. ही साक्ष कुणी सोयीने लिहून ठेवलेली नाही.

कारखान्याचे चित्रमय वर्णन मिळते ‘कोदो झुरोकु’ या पुस्तकात. मजकूर मासुदा को यांचा, चित्रे निवा तोकेई यांची, काळ 1811 च्या सुमारास. खाणीपासून भट्टीपर्यंतची सगळी कामे त्यात क्रमाने दिसतात. पण ते सुमितोमोंनीच छापवून घेतले होते. 1826 मध्ये ओसाकाहून जाताना कारखाना पाहायला आलेल्या जर्मन वैद्य सीबोल्टला त्याची प्रत भेट मिळाली. घराण्याने स्वतःचे काढून घेतलेले चित्र कितपत खरे मानायचे? इथे थुनबेर्ग हा स्वीडिश वैद्य कामी येतो. 1776 मध्ये, म्हणजे पुस्तकाच्या कितीतरी आधी, त्याने ओसाकात तांब्याच्या कांबी पाण्याखाली ओतताना पाहिल्या आणि लिहून ठेवले. अशा ओतण्याने कांबीला लालबुंद झळाळी येते. त्याचे वर्णन आणि तोकेईचे चित्र जुळते. परस्परांशी संबंध नसलेले दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील, तर ती मान्य करावी.

शिकोकू बेटावरच्या सुमितोमोंच्या बेश्शी खाणीचा पुरावा याहून भक्कम. 1690 मध्ये धातूची शीर सापडली, 1691 मध्ये शोगुनशाहीचा परवाना मिळाला आणि 1702 मध्ये मक्ता कायमचा झाला. 1694 च्या आगीत 132 माणसे मेली.

आता घराण्याबाहेरचे कागद. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या हिशेबांत जपानी तांबे पेट्यांनी मोजलेले दिसते आणि ते सुरत, कोरोमंडल, बंगालमध्ये विकले जात होते. म्हणजे सतराव्या शतकात सुरतेच्या बाजारात हा माल पोचत होता. 1715 च्या नियमांनी डचांना वर्षाला 15 लाख किन (एक किन सुमारे 600 ग्रॅम) आणि चिन्यांना 30 लाख किन एवढीच मर्यादा घातली. पण डच वह्यांतली कोणती पेटी इझुमियाची, हे नुसत्या आकड्यांवरून ठरवता येत नाही. सुरतेला उतरलेले सगळे तांबे सुमितोमोचे मानणे चूक ठरेल.

बेश्शीची खाण 1973 मध्ये बंद झाली. तोवर तिथून सुमारे साडेसहा लाख टन तांबे निघाले होते. तिच्या मागची सुमितोमो मेटल मायनिंग ही कंपनी आजही आपली सुरुवात 1590 मध्ये झाल्याचे सांगते. आपल्याकडे बखर आणि अस्सल कागद यांत जो फरक करतात, तोच इथे लावला पाहिजे. 1590 या सालापुढे ‘परंपरेनुसार’ असे लिहावे. 1691 पुढे ते लिहिण्याचे कारण नाही.