आजीचं एरंडेल आणि किड्याचा श्वास

इयरफोन लावलेत ना? आजची गोष्ट आमच्या उंद्रीतली आहे. चिखली तालुका, जिल्हा बुलढाणा.

नवी तूर घरात आली की आजी ती परातीत घ्यायची आणि एरंडेलाचा हात फिरवायची. किलोला जेमतेम चमचाभर तेल. मी एकदा विचारलं, "आजी, यानं काय होते?" म्हणाली, "किडीचा जीव गुदमरते बापा." मला हसू आलं. किड्याला कुठं नाक असतं?

गंमत म्हणजे ॲरिस्टॉटलही असाच चकला होता. सुमारे २३०० वर्षांपूर्वी त्यानं लिहून ठेवलं की तेल माखलं की किडे मरतात. आणि तोच सांगायचा की किडे श्वास घेत नाहीत! मरताना दिसत होते, पण का मरतात ते दिसत नव्हतं.

ते दिसलं इटलीतल्या मार्सेलो माल्पिगीला. १६६९ साली त्याचं रेशीमकिड्यावरचं पुस्तक आलं. अळीच्या अंगावर दोन्ही बाजूंना नऊ-नऊ बारीक छिद्रं, आणि आत नळ्यांचं जाळं. त्यानं छिद्रांवर तेल लावलं, तर अळी तडफडून मेली. म्हणजे नाक होतं, फक्त तोंडावर नव्हतं.

आपल्या अंगात ऑक्सिजन रक्त वाहून नेतं. किड्यात नळ्याच फुटत फुटत पेशींपर्यंत जातात. डेन्मार्कच्या ऑगस्ट क्रोगनं १९२० मध्ये हिशेब मांडून दाखवलं की अळीला या नळ्यांतून आपोआप पसरत जाणारी हवाही पुरते. नाकतोड्याला मात्र जोर लावावा लागतो. शेतात एखादा जवळून बघा, त्याचं पोट भात्यासारखं हलत असतं.

तुरीतला भुंगा दाण्यावर अंडी घालतो. अंड्यालाही कवचातून हवा लागते. आजीच्या तेलाचा पातळ थर नेमकी तीच वाट बंद करायचा.

वऱ्हाडात ज्वारीची पेवं असायची, तिथंही हाच हिशेब. जमिनीत खड्डा, आत कडबा, वर धान्य, तोंड मातीनं बंद. आत दाणे आणि किडे दोघंही श्वास घेतात, ऑक्सिजन संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो आणि किडे मरतात.

पण मंडळी, ती हवा माणूस ओळखत नाही. पेव उघडल्यावर घाईनं आत उतरलेली माणसं बेशुद्ध पडायची, जीवही जायचे. म्हणून तोंड उघडून ठेवायचं, वारा खेळू द्यायचा, मगच उतरायचं.

ही शिस्त आज आपण विसरलोय. आता पेव नाही, एरंडेलही कमीच. धान्याच्या पोत्यांत सल्फासच्या गोळ्या टाकतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो किड्याच्या छिद्रांतून आत जातो, तसाच आपल्या नाकातूनही. आजीच्या तेलानं फक्त कीड मरायची. या गोळीला कीड आणि खोलीत झोपलेलं लेकरू यांतला फरक कळत नाही.

म्हणून घरी फोन करा आणि एवढंच विचारा: गोळ्या कुठं ठेवल्यात, आणि त्या खोलीत कोण झोपतं? राहत्या घरात ती गोळी नकोच. डाळीला तेलाचा हात पुरतो.

आजीला माल्पिगी माहीत नव्हता. पण किडीचा जीव गुदमरतो, हे तिचं वाक्य अगदी बरोबर होतं. हसलो होतो मी, आणि चूकही माझीच होती.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!